फोटोपुरती काढलेली माळ

अमरावतीच्या चांदणी चौकात गुलफामचा फोटो स्टुडिओ होता. बापानं सुरू केलेला, बापामागं त्यानं चालवलेला. पूर्वी लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आसपासच्या खेड्यांतली लग्नं आटत चालली होती. कापसानं दगा दिला की आधी मंडप लहान होतो, मग बँड जातो, मग फोटोवाला. म्हणून गुलफाम एका स्थानिक दैनिकासाठीही फोटो काढू लागला होता.

हात चांगला होता त्याचा. समोरच्या माणसाला अवघडल्यासारखं न होऊ देता तो सांगे, "हनुवटी जरा वर. हात मांडीवर. बस, असंच." आणि नवरदेव असो की नगरसेवक, माणूस तसाच होई. आपण सांगावं आणि समोरच्यानं ऐकावं, याची त्याला इतकी सवय झाली होती की आपण काय सांगतो आहोत याचा विचार करणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

दोन हजार सहाच्या जानेवारीतली गोष्ट. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या म्हणून दिल्लीहून कुठलीशी समिती जिल्ह्यात येणार, तेव्हा दैनिकानं खास पान काढायचं ठरवलं. भगवंत नावाचा बातमीदार सकाळीच मोटरसायकल घेऊन स्टुडिओपुढं आला.

"चाल गुलफाम. नांदगाव खंडेश्वरकडं जाऊन येऊ. एक घर पाहून ठेवलं आहे मी. नवरा पोळ्याच्या टायमाले गेला. बाई तरणी आहे. फोटो जबरदस्त येईन."

त्या दिवसांत असं बोलणं कुणाला खटकत नसे. गुलफामलाही खटकलं नाही. त्यानं बॅग खांद्याला लावली आणि तो मागं बसला.

घर गावाच्या टोकाला, बौद्धवाड्यात होतं. भावना अंगणात तूर पाखडत बसली होती. तिशीची असेल. पाहुणे आलेले पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, आतून खाट आणून टाकली, पाणी दिलं. असे पाहुणे तिला नवे नव्हते. पोळ्यापासून कितीतरी येऊन गेले होते. कुणी काय विचारणार आणि आपण काय सांगायचं, हे तिला ठाऊक झालं होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि त्याखाली तिच्या नवऱ्याचा, धर्मपालचा फोटो. तो कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला होता, हे गुलफामच्या लगेच ध्यानात आलं. खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात तेवढा राहून गेला होता.

"घरात अजून कोन?" भगवंतानं विचारलं.

"सासू आहे. इंदूबाई. नांदगावले दवाखान्यात गेली आज."

भगवंत प्रश्न विचारत राहिला आणि गुलफामनं कॅमेरा डोळ्याला लावला. चेहरा छान होता. उजेड तिरपा, मागं मातीची भिंत. पण काहीतरी मध्ये येत होतं. त्यानं नीट पाहिलं. भावनाच्या गळ्यात मोत्यांची माळ होती.

साधीसुधी बाजारातली माळ नव्हती ती. मधले मोती जरा टपोरे, मानेकडं जाताना बारीक होत गेलेले. रंग शुभ्र नाही, दुधावरच्या सायीसारखा. एका बाजूला चांदीचं फूल होतं, त्याच्याच मागं फासा. पाकळ्यांच्या खाचा काळ्या पडलेल्या. जुनी वस्तू होती. विटक्या पातळावर ती माळ अशी उजळून दिसत होती की नजर आधी तिच्यावरच जाई.

भगवंतानंही पाहिलं होतं. तो गुलफामच्या कानाशी पुटपुटला, "ते माळ नको बाप्पा फोटोत. लोक म्हनतीन, हिचं तर बरं चालू आहे."

बोलला भगवंत, पण पुढं झाला तो गुलफाम. नेहमीच्या मऊ आवाजात तो म्हणाला, "ताई, ते माळ जरा काढता का? उन्हात चमकते. फोटो बिघडते."

भावनानं त्याच्याकडं पाहिलं. "काढू?"

"फोटोपुरती."

"सासूनं घातली हे माह्या गळ्यात," ती म्हणाली. "काढू नको म्हनते."

"दोन मिनिटाचं काम आहे, ताई."

मग तिनं दोन्ही हात मानेमागं नेले. फासा जुना, घट्ट बसलेला. निघता निघेना. गुलफाम कॅमेरा धरून उभा होता. अखेर माळ निघाली. ती ठेवायची कुठं हे भावनाला सुचेना. खाली तूर सांडलेली, कोंबड्या फिरत होत्या. गुलफामनं हात पुढं केला, "द्या इकडं," आणि लेन्स पुसायच्या कापडात ती गुंडाळून बॅगेच्या कप्प्यात ठेवली.

भावना परत सुपापाशी बसली. तिचा हात आपसूक गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं. तिनं मान वर करून पाहिलं, आणि त्याच क्षणी गुलफामनं बटण दाबलं.

फोटो मिळाला, हे त्याला तिथंच कळलं. असा फोटो वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी मिळतो.

तेवढ्यात गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. टीव्हीवाले आले होते. पोरंसोरं धावली, शेजारी गोळा झाले, माईक घेतलेला एक माणूस थेट अंगणात शिरला. भगवंत घाईला आला. "चाल, चाल. याईच्या आधी आपला छापून आला पायजे." दोघांनी गाडी काढली. भावना गर्दीत उभी राहून काहीतरी सांगू पाहत होती, हे गुलफामला मागं वळून दिसलं. ती निरोप देते आहे असं समजून त्यानं हात हलवला.

दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर आला, अर्धं पान भरून. गळ्याशी गेलेला हात आणि वर उचललेले डोळे. संपादकांनी गुलफामला बोलावून पाठ थोपटली. मुंबईच्या एका पेपरानं तो फोटो मागून घेतला. जे लोक त्याला 'ए फोटोवाला' म्हणत ते 'गुलफामभाई' म्हणू लागले. चौकातल्या हॉटेलवाल्यानं पेपरचं पान काचेला चिकटवलं. गुलफामला आनंद झाला. तो झाला नाही असं म्हणणं खोटं होईल.

माळ सापडली ती त्याची बायको रुबीनाला.

ती बॅग झाडायला घेऊन बसली होती. लेन्सचं कापड धुवावं म्हणून तिनं उलगडलं आणि मोती तिच्या मांडीवर घरंगळले. गुलफाम बाहेरून आला तेव्हा ती आरशापुढं उभी होती. माळ गळ्यात. पोरगी आरजू पाळण्यात झोपली होती.

"ये कब लाए?" रुबीना वळून म्हणाली. "बताया भी नहीं!"

आरजू झाली तेव्हा त्यानं रुबीनाला काहीतरी घेऊन देईन असं कबूल केलं होतं. वर्ष होत आलं, ते राहूनच गेलं होतं. रुबीनानं कधी आठवण करून दिली नव्हती. आणि आता तिच्या तोंडावर जो आनंद होता, तो त्यानं लग्नानंतर क्वचितच पाहिला होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. 'अगं, ही कुणाची तरी राहिली बॅगेत', बस. पण पुढचा प्रश्न आला असता, 'बॅगेत आली कशी?' आणि मग सांगावं लागलं असतं की मी काढायला लावली. फोटोला लोक वाखाणत होते. तिनं स्वतः तो पेपर घडी करून कपाटात ठेवला होता, पोरगी मोठी झाली की दाखवायला.

"पसंद आई?" एवढंच तो बोलला.

"बहुत," रुबीना म्हणाली. त्याची आई, खातूनबी, स्वयंपाकघरातून हात पुसत आली. माळ बोटांत धरून म्हणाली, "पुराने मोती हैं. अच्छा काम है चांदी का. कहाँ मिले?"

"अकोला में," गुलफामनं ठोकून दिलं. खोटं किती सहज तोंडून निघतं, याचं त्यालाच नवल वाटलं.

त्या रात्री त्यानं ठरवलं, उद्या सांगू. उद्या नाही जमलं. परवा भगवंत भेटला तेव्हा त्यानं आडून विचारून पाहिलं, "नांदगावकडं पुन्हा कधी जानार?"

"काहून?"

"काही नाई. असंच."

भगवंताला त्यात काही आठवलं नाही. त्याच्या लेखी माळ फोटोत आली नाही, विषय संपला. गुलफाम मात्र रोज घरी आला की रुबीनाच्या गळ्याकडं पाही. ती रोज घालत नसे, जपून ठेवी. पण कपाटाच्या बंद दाराकडं पाहतानाही त्याला ती दिसे. तो स्वतःला समजावत राहिला. बाई गरीब आहे खरी, पण निरोप पाठवता आला असता की तिला. पेपरचं ऑफिस काय कमी माहीत आहे लोकांना? म्हणजे तिला विशेष गरज नसावी. असं काहीतरी. त्या समजावण्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता, पण दिवस पुढं ढकलायला ते पुरत होतं.

फेब्रुवारीत अकोल्याला रुबीनाच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. रुबीनानं माळ घातली. बायकांच्या घोळक्यात दिवसभर त्या माळेचंच कौतुक. कुणी हात लावून पाही, कुणी गुलफामला टोमणा मारी, "भाईजान, जरा हमारे मियाँ को भी सिखाओ!" तो हसत होता. हसताना जबडा दुखत होता.

फोटो अर्थात त्यालाच काढायचे होते, घरचंच लग्न. दुपारी नवरीला मध्ये बसवून बायकांचा ग्रुप फोटो लागला. गुलफामनं सगळ्यांना नीट बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत रुबीना होती, नवरीच्या उजव्या बाजूला. तिनं चांदीचं फूल नीट पुढं यावं म्हणून गळ्याशी हात नेला आणि मान वर करून कॅमेऱ्याकडं पाहिलं.

गुलफामचं बोट बटणावरच राहिलं. त्याला दाबता येईना. बायका तोंड हसरं धरून थांबल्या होत्या, कुणीतरी म्हणालं, "अरे खींचो ना!" त्यानं कॅमेरा खाली घेतला. बॅटरी गेली असं सांगून तो मांडवाबाहेर आला आणि पाण्याच्या टाकीशी तोंड धूत राहिला. कितीही धुतलं तरी तोंड गरमच लागत होतं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा त्यानं सांगितलं. आरजू रुबीनाच्या मांडीवर झोपली होती. त्यानं खिडकीबाहेर पाहत सांगितलं, कारण तिच्याकडं पाहून सांगवत नव्हतं. घर, अंगण, सूप, मी काय म्हणालो, ती काय म्हणाली, सगळं.

रुबीना ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं पोरीला त्याच्या मांडीवर दिलं, दोन्ही हात मानेमागं नेले. फासा निघेना. बस हादरत होती. गुलफाम मदतीला हात पुढं करणार, तर ती म्हणाली, "हाथ मत लगाओ."

माळ निघाली. तिनं ती रुमालात बांधली.

"उसके गले से उतारी और मेरे गले में डाल दी," ती हळू म्हणाली, बसमध्ये कुणाला ऐकू जाऊ नये एवढं हळू. "बेवा के गले से."

"मैंने कहाँ डाली, तुमने खुद ही..." गुलफाम बोलून गेला आणि स्वतःचा आवाज कानावर पडताच थांबला. असलं वाक्य आपल्या तोंडून निघावं! बाजूच्या सीटवरचा म्हातारा त्याच्याकडं पाहत होता. त्याला काही ऐकू आलं नसणार, पण गुलफामला वाटलं, याला सगळं कळलं.

"शादी में सब औरतों को दिखाती फिरी मैं," रुबीना म्हणाली. मग अमरावतीला उतरताना म्हणाली, "कल जाएंगे. मैं भी चलूंगी."

"तुम कायको?"

"तुम अकेले गए तो फिर कुछ और बोल के आओगे."

गुलफाम झोपलेल्या आरजूला खांद्यावर घेऊन घराकडं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी आरजूला खातूनबीपाशी ठेवून दोघं निघाली. गावात शिरताना गुलफामला वाटत होतं, भावना दारात असेल, ती चार शब्द सुनावेल, आपण खाली मान घालून ऐकू, माळ देऊ आणि मोकळे होऊ. दारात भावना नव्हती. एक म्हातारी उंबऱ्यावर बसून वाती वळत होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोन पायजे?"

"भावनाताई आहेत का?"

"नाई. वरुडले गेली, मायेरी. तुमी कोन?"

रुबीनानं त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "मी फोटोवाला. पेपरचा."

इंदूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. त्या उठल्या, आत गेल्या आणि एक घडी केलेला पेपर घेऊन आल्या. घडीवर घडी पडून फोटोच्या मधोमध पांढरी रेघ उमटली होती.

"हा तुमीच काढला?"

"हो."

"मंग मले एक सांगा," इंदूबाई म्हणाल्या. "हा काढला तवा हिच्या गळ्यात माळ होती का नवती?"

गुलफामनं बॅगेतून रुमाल काढला. गाठ सोडताना रुबीनानंच मदत केली. मोती उन्हात आले. इंदूबाई पाहत राहिल्या.

"होती," गुलफाम म्हणाला. "मीच काढा म्हटलं त्याईले. माह्याच बॅगेत राहिली. घरी गेल्यावर सापडली, पन मी आनून देल्ली नाई." एवढं बोलला आणि थांबला. रुबीनाची नजर त्याच्यावरून हलली नाही. त्याला कळलं, अजून राहिलं आहे. "माह्या बायकोले वाटलं मी तिच्यासाठी आनली. मी तसंच वाटू देल्लं."

वाती वाऱ्यानं उडून अंगणात गेल्या, इंदूबाईंनी लक्ष दिलं नाही.

"म्हंजे ते खरं बोलून राहिली होती," त्या अखेर म्हणाल्या.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. माळ इंदूबाईंच्या सासूची, पार्बताबाईंची. पार्बताबाई तरुणपणी अकोल्यात होत्या. कापूस घ्यायला जपानहून आलेला एक साहेब तिथल्या जिनिंग कारखान्यात राही, त्याच्या लेकराला त्या सांभाळत. दुसरी मोठी लढाई लागायच्या आधी तो साहेब बायकोपोरांना घेऊन परत गेला. जाताना मडमेनं गळ्यातली माळ काढून पार्बताबाईंच्या गळ्यात घातली. कल्चर मोती आणि चांदी, सोन्यापुढं काही मोठा ऐवज नव्हे. पण ज्या बाईला लोक विहिरीवर चढू देत नव्हते, तिच्या गळ्यात कुणीतरी स्वतःच्या हातानं घातलेली ती माळ. घरात सुनेमागून सुनेला ती मिळत आली.

"धर्मपाल गेला," इंदूबाई म्हणाल्या, "तवा बाया आल्या. म्हनाल्या, हिचा गळा मोकळा करा. मी म्हटलं, आमच्या घरात बाईचा गळा मोकळा राहत नाई. मंगळसूत्र गेलं तर गेलं. मीच पेटीतून काढून हे घातली तिच्या गळ्यात. सगळ्याईच्या समोर. लय बोलल्या मले."

"आन मी नांदगावहून आली तर हिच्या गळ्यात काहीच नाई. इचारलं तर म्हने, फोटोवाल्यानं काढाले लावली, त्याच्यापाशी आहे, आनून देईन तो. म्या वाट पायली. कोनी आलं नाई. मंग शेजारचीनं हा पेपर आनून दाखवला. म्हने, पाय, पेपरातबी गळा मोकळाच आहे. तुही सून खोटं बोलते. फोटोवाला याच्या आधीच इकली तिनं, नाईतर भावाले देल्ली."

त्यांनी पेपर पुन्हा घडी केला.

"म्या इचार केला, कोन्ता मानूस परक्या बाईले म्हनन, गळ्यातलं काढ म्हनून? असं कोनी म्हनते का? म्हनून मले तिचं खोटं वाटलं. अन म्या तिले चोर म्हटलं, बाप्पा. तोंडावर म्हटलं. ते दुसऱ्याच दिवशी वरुडले निंघून गेली."

गुलफामला वाटलं, जमीन फाटावी. त्याच्या फोटोनं त्या बाईला खोटं पाडलं होतं. तिच्या बाजूचा साक्षीदार कुणीच नव्हता आणि तिच्या विरुद्धचा साक्षीदार पहिल्या पानावर छापून आला होता, अर्धं पान भरून.

त्यानं माळ पुढं केली. इंदूबाईंनी हात मागं घेतले.

"मले नका देऊ. जिच्या गळ्यातून काढली तिच्या हाती द्या. मीबी येते संगं. मलेबी तोंड दाखवाचं आहे तिले."

अमरावतीला येऊन तिघांनी वरुडची बस धरली. मोर्शीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी संत्र्याचे बगीचे लागले. मृग बहाराची संत्री झाडांवरून उतरत होती. वरुडच्या बाहेर पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये बाया रांगेनं बसून संत्री निवडत होत्या, लहान-मोठी वेगळी करून गवत घातलेल्या पेट्यांत भरत होत्या. ट्रक उभे होते. भावना शेडच्या मधोमध बसली होती. गळा मोकळाच.

तिनं आधी सासूला पाहिलं, मग गुलफामला. हात थांबले नाहीत तिचे.

गुलफाम तिच्यापुढं उकिडवा बसला. आजूबाजूच्या बाया पाहू लागल्या. त्याला वाटलं होतं, बाजूला बोलवून सांगावं. पण बोलवायला तोंड कुठं होतं? माळ त्यानं रुमालासकट तिच्यापुढं धरली.

"ताई, माही चूक झाली. माह्यापाशीच होती. मी आनून देल्ली नाई. तुमच्या सासूबाईले मी सगळं सांगतलं."

भावनानं हात पदराला पुसले. माळ घेतली. एक मोती बोटांनी फिरवून पाहिला, मग फासा. मग विचारलं, "उन्हात चमकते म्हनून काढाले लावली होती ना?"

त्यानं आधी हो म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "नाई. खोटं बोललो मी."

"मंग काहून?"

गुलफामनं एकदा आजूबाजूच्या बायांकडं पाहिलं.

"माळ दिसली असती तर लोकाईले तुमी... तुमचं दुख दिसलं नसतं."

"फोटो चांगला आला?"

"आला."

"लोकाईले दिसलं?"

"दिसलं."

"बरं झालं," भावना म्हणाली, आणि माळ रुमालात गुंडाळून कमरेला खोचली. गळ्यात घातली नाही. पुढं ओढलेल्या ढिगातलं एक संत्रं उचलून तिनं पेटीत ठेवलं, मग दुसरं.

काहीतरी करावं, काहीतरी भरून द्यावं असं गुलफामला वाटत होतं. तो म्हणाला, "ताई, तुमी म्हनसान तर दुसरा फोटो काढतो. माळ घालून. साहेबाईच्या मागं लागून छापून आनतो."

"आता माहा फोटो नका काढू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

इंदूबाई इतका वेळ उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. पदर डोळ्याला लावून त्या भावनाच्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि ढिगातली संत्री निवडू लागल्या, लहान इकडं, मोठी तिकडं. भावनानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पण थोड्या वेळानं सासूनं मोठ्यांत टाकलेलं एक बारीक संत्रं तिनं उचललं आणि लहानांत ठेवलं. इंदूबाई म्हणाल्या, "दिसत नाई मले नीट." भावना म्हणाली, "माहीत आहे. म्हनून तर दवाखान्यात गेल्ता ना त्या दिवशी."

रुबीनानं गुलफामच्या खांद्याला हात लावला. दोघं निघाली. बसमध्ये रुबीना खिडकीपाशी बसली आणि त्याच्याशी बोलली, आरजूबद्दल, घरातल्या भाजीबद्दल. पण पूर्वीसारखं तिचं बोलणं व्हायला पुढं बराच काळ जावा लागला. पेपरचं ते पान तिनं कपाटातून केव्हा काढलं आणि काय केलं, त्यानं विचारलं नाही.

हंगाम संपल्यावर भावना परत सासूकडं राहायला आली, असं कानावर आलं. गुलफामनं संपादकांना सगळं सांगून पाहिलं. माळ होती, आपण काढायला लावली, तेवढं दोन ओळींत छापा. ते हसले. "अरे, बाई गरीब आहे हे तर खोटं नाही ना? मग?" मुंबईला प्रदर्शनात लावायला फोटो मागितला तेव्हा गुलफामनं दिला नाही. पण त्यानं न देऊन काही अडलं नाही. फोटो पेपरातून पेपरात गेला होता. निवडणुका आल्या तसा तो बॅनरवर चढला. कधी या पक्षाच्या, कधी त्या पक्षाच्या, कधी कुठल्याशा संस्थेच्या कॅलेंडरवर. प्रत्येक वेळी तो जाऊन सांगे, काढा, त्या बाईची परवानगी नाही. काहीजण काढत, बरेचसे 'बघतो' म्हणत.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात भावना कामासाठी अमरावतीला आली होती. पासपोर्ट साइजचे फोटो हवे होते तिला, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागायचं होतं. दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत गेली असती तर चाललं असतं, पण ती चांदणी चौक विचारत विचारत इथंच आली. गुलफामची धांदल उडाली. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. फोटो काढताना त्यानं एक शब्द उच्चारला नाही. हनुवटी वर की खाली, हात कुठं, काही नाही. ती बसली तशी त्यानं टिपली.

प्रिंट निघेपर्यंत ती चहा पीत बसली. समोर चौकात नेमका तिचाच फोटो छापलेला एक मोठा बॅनर लटकत होता. दोघांनाही तो दिसत होता. अखेर गुलफामनंच विषय काढला.

"ताई, मी चार वेळा सांगतलं त्याईले काढाले. ऐकत नाईत. आज पुन्हा जातो."

भावनानं बॅनरकडं पाहिलं, कप खाली ठेवला.

"राहू द्या. तहसीलीत आता मले ओळखतात. पहिले उभं ठेवत होते, आता बसाले खुर्ची देतात."

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. जे होतं ते सांगितलं तिनं. प्रिंट पाकिटात घातले, पिशवीत ठेवले, "येते भाऊ," म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

गुलफाम काउंटरमागं उभा राहिला. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या खाली मान घालून घेतल्या असत्या, आणि घरी जाऊन कदाचित झोपलाही असता. पुढचं गिऱ्हाईक आत आलं, स्टुलावर बसून म्हणालं, "हं, कसं बसू?"

"बसा, तुमाले जसं बसाचं तसं," गुलफाम म्हणाला.